कवटीचा पत्ता

जीवाश्मांविषयी आपल्या शाळांतून जे सांगितले जाते, त्यात प्राण्याचे वर्णन भरपूर असते. ज्या खडकात तो सापडला, त्या खडकाविषयी मात्र अवाक्षर नसते. माझ्या मते ही शिकवण अर्धीच आहे. पेरू देशातील एका देवमाशाची कवटी त्याची साक्ष देईल.

नोव्हेंबर २००८ मध्ये इका शहराच्या दक्षिणेकडील वाळवंटात, सेरो कोलोरादो येथे, सुमारे तीन मीटर लांबीची ही कवटी मिळाली. सोबत खालचा जबडा आणि दात होते. सर्वांत मोठा दात ३६ सेंटिमीटरांचा, म्हणजे आपल्या वर्गातील फूटपट्टीहून लांब! आजच्या स्पर्म व्हेलच्या वरच्या जबड्यात कामाचे दात नसतात. या प्राण्याला मात्र दोन्ही जबड्यांत दात होते, आणि जबडा मिटणाऱ्या स्नायूंसाठी कवटीत प्रशस्त जागा होती. लहानमोठे देवमासे हेच त्याचे भक्ष्य असावे. २०१० साली ऑलिव्हिये लँबेर व सहकाऱ्यांनी ‘नेचर’ नियतकालिकात त्याचे वर्णन केले. त्याचे बारसे दोनदा झाले. ‘लेव्हिअथन’ हे पहिले नाव एकोणिसाव्या शतकातच एका हत्तीवर्गीय प्राण्याला देऊन झाले होते. म्हणून त्याच शब्दाचे हिब्रू रूप घेऊन, ‘मोबी डिक’कार मेलव्हिल यांच्या स्मरणार्थ, ‘लिव्यातान मेलव्हिलेई’ असे नाव ठरले.

वर्तमानपत्रांतून गाजले ते एवढेच. मला अधिक मोलाचे वाटते ते त्या कवटीखालचे आणि वरचे खडक.

त्या किनाऱ्यालगत समुद्राच्या तळाचे थंड, पोषक पाणी वर येते. त्यावर डायटम नावाचे सूक्ष्म शैवाल पोसते, शैवालावर पुढची सारी जीवसृष्टी. मेलेल्या डायटमांची काचेसारखी कवचे तळाशी साचत गेली आणि त्यांत देवमासे, डॉल्फिन, कासवे, सील, समुद्रपक्षी, शार्क गाडले गेले. पुढे भूपट्टांच्या रेट्याने तो तळ उचलला जाऊन कोरडा पडला. या थरांना पिस्को शैलसमूह म्हणतात. त्यांच्या मधूनमधून ज्वालामुखीच्या राखेचे पातळ पदर आहेत. राखेतील खनिजांतल्या आर्गॉन वायूच्या प्रमाणावरून तिचे वय काढता येते.

लिव्यातानचे वय प्रथम १.२ ते १.३ कोटी वर्षे सांगितले गेले. पुढे संशोधकांनी त्या टेकडीचा थर न् थर मोजला, राख आणि डायटम दोन्ही तपासले आणि ते वय सुमारे ९० लाख ते एक कोटी वर्षे असे सुधारले. कवटी तीच, दात तेच. पण ती कोणत्या थरातून निघाली हे ठाऊक होते म्हणूनच ही दुरुस्ती शक्य झाली. असे अवाढव्य सुटे दात जगात अन्यत्र पूर्वीही मिळाले होते, परंतु ते नेमके कोणत्या प्राण्याचे, हे त्यांवरून ठरत नव्हते. आज बाजारात जीवाश्म दातांना चांगली किंमत येते. ज्या दाताचा ठावठिकाणा पुसला गेला, तो दिवाणखान्याची शोभा फार तर वाढवील.

हे परदेशातील कौतुक म्हणून सोडून देता येणार नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा येथे डायनासोरांची हाडे आणि त्यांची अश्मीभूत विष्ठा मिळते. दिसायला ते ओबडधोबड खडे. वाटसरू लाथेने उडवील असे. त्याच विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष सापडले आणि डायनासोरांच्या काळी गवत होते, हे २००५ साली भारतीय व परदेशी संशोधकांनी दाखवून दिले. तो खडा कोण्या अनोळखी पेटीतून आला असता तर त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला असता?

म्हणून माझे आग्रहाचे मत आहे, की शाळेच्या प्रयोगशाळेतील कपाटात चिठ्ठीविना एकही दगड नसावा. सुटीवरून परतताना मुले गावाकडचे गोटे आणतात, माजी विद्यार्थीही प्रेमाने भेटी देतात. त्या प्रत्येकासोबत गाव, शेत किंवा नाला, किती खोलीवर मिळाला, वर कोणती माती आणि खाली कोणता खडक होता, आणि तारीख, एवढे लिहून घ्यावे. विहीर खोदताना हाडासारखे काही मोठे दिसले, तर ते उपटू नये; छायाचित्र काढून नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयास कळवावे. चिठ्ठ्या लिहिण्याचे काम आठवीच्या वर्गाकडे द्यावे. त्यांचे अक्षर वाचता येते.