रात्रीची जागल आणि अंधारात पाहणारी दुर्बीण

कोका अभयारण्याच्या कडेला असलेल्या एका गावातून एका भगिनीचे पत्र आले आहे. पत्र दोन पानांचे आहे, पण विचारणे एकच आहे. धान निसवला की कापणी होईपर्यंत त्यांचे घरधनी रात्री मचाणावर जागल करतात. गेल्या हंगामात एका सकाळी धुऱ्यावरच्या चिखलात वाघाची पावले उमटलेली दिसली. तेव्हापासून या बाईंना रात्री झोप नाही. मुलगा बुटीबोरीला कारखान्यात रात्रपाळी करतो. त्याने मोबाइलवर अंधारात पाहायची, एका डोळ्याला लावायची दुर्बीण पाहिली. किंमत साडेअकरा हजार रुपये. पुढचे बाईंच्याच शब्दांत देतो : "पोरगा म्हणते हप्त्यावर घेतो. त्याचा बाप म्हणते पैसे पान्यात घालू नको. मी कोनाचं ऐकू जी?"

ताई, तुमचे पत्र वाचून मी आधी हिशेब मांडला. साध्या धानाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. म्हणजे ही दुर्बीण पावणेपाच-पाच क्विंटल धानाच्या मोलाची झाली. डुकरांनी एवढे धान एका रात्रीत तुडवल्याचेही आपण पाहिले आहे. म्हणून "महाग आहे, घेऊ नका" एवढ्यावर उत्तर संपत नाही. ती वस्तू आहे काय आणि अंधारात करते काय, हे आधी समजून घ्यावे लागेल.

अंधारात पाहण्याची यंत्रे तीन जातींची असतात. पहिली लष्करी जात. चांदण्यांचा जो क्षीण उजेड येतो तो नळीत घेऊन हजारो पटींनी वाढवायचा आणि हिरव्या पडद्यावर दाखवायचा. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन सैनिकांच्या हाती अशा दुर्बिणी होत्या. ती आपल्या कामाची नाही. तिसरी जात उष्णता पाहणारी. जनावराचे अंग आजूबाजूच्या हवेपेक्षा गरम असते, तेवढ्यावर ती त्याचा आकार दाखवते. हीच खरी उपयोगाची, पण तिची किंमत आपल्या घराच्या आवाक्यातली नाही. तुमच्या मुलाने पाहिली आहे ती मधली जात. तिच्यात मोबाइलसारखाच कॅमेरा असतो आणि सोबत इन्फ्रारेड दिवा असतो. हा उजेड माणसाच्या डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, कॅमेऱ्याला मात्र दिसतो. म्हणजे ही दुर्बीण अंधार भेदत नाही. तीही बॅटरीच मारते, फक्त न दिसणारी बॅटरी मारते.

आमच्या नात्यातल्या एका मुलाकडे अशी दुर्बीण आहे. पत्र आल्यावर मी ती दोन रात्री मागून घेतली आणि मामा तलावाच्या पाळीवर जाऊन बसलो. (घरच्यांनी मला वेड्यात काढले, ते सोडा.) पहिल्या रात्री आभाळ स्वच्छ होते. शंभर पावलांवर बांधलेली म्हैस आणि तिच्याजवळचे वगार वेगळे ओळखू आले. खोक्यावर तीनशे मीटर लिहिले होते. तीनशे मीटरवर काहीतरी आहे एवढे कळले, पण ते जनावर आहे की पळसाचे झुडूप हे काही सांगता येईना. दुसऱ्या रात्री पाण्यावरून धुके चढले. मग तो न दिसणारा उजेड समोरच्या धुक्यावरच आपटून परत येऊ लागला आणि सगळे पांढरे झाले. धान कापणीला येतो त्या दिवसांत आपल्याकडे पहाटे धुके असतेच. समोर गवताची काडी आली तरी तोच प्रकार. ती काडी दिव्यासारखी चमकते आणि मागचे सगळे काळे होते.

आणखी एक गोष्ट तिथेच लक्षात आली. माणसाचा डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात. दुर्बिणीचा उजळ पडदा दोन मिनिटे पाहिला की त्या डोळ्याचा सराव मोडतो. मी डोळा काढला तेव्हा एका बाजूने तलाव दिसत होता, दुसऱ्या बाजूने काहीच नाही. तसाच चार पावले चाललो आणि पाळीवरून घसरलो. नळीतून पाहताना समोरचा एवढासा गोल दिसतो, अंतराचा अंदाज येत नाही. म्हणून ही वस्तू बसून पाहायची आहे, चालताना नाही. तुमच्या घरी आली तर हे घरधन्यांना आधी सांगा.

आता तिच्या बाजूचेही बोलले पाहिजे. साध्या बॅटरीच्या उजेडात चितळाचे, बिबट्याचे, वाघाचे डोळे चमकतात, कारण त्यांच्या डोळ्यात मागे उजेड परतवणारा पडदा असतो. डुकराच्या डोळ्यात तो पडदा नसतो. म्हणून जागल करणारे म्हणतात की बॅटरी मारली तरी डुक्कर दिसत नाही, आवाज तेवढा येतो. ते खरे आहे. दुर्बिणीत मात्र डुकराचे अख्खे अंग दिसते. दुसरा उपयोग मला त्याहून मोठा वाटतो. मचाणावरून उतरण्यापूर्वी खाली आणि धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकदा नजर फिरवता येते. तुमच्या मुलाच्या मनात नेमके हेच असणार. तो तिकडे यंत्रापुढे उभा असतो आणि बाप इकडे अंधारात उतरत असतो. त्याला पैसे उडवायचे नाहीत, रात्रीची काळजी थोडी कमी करायची आहे. त्याला "मूर्खपणा" म्हणून झिडकारू नका.

पण मचाणाखाली रात्री सगळ्यात जास्त धोका कोणाचा? पवनीकडे उमरेड-कऱ्हांडला जंगलातल्या जय वाघाचे नाव आपल्या पोरांनाही पाठ आहे. नागझिऱ्याहून २०१३ मध्ये तिकडे गेलेला हा वाघ गळ्यात रेडिओ कॉलर असताना एप्रिल २०१६ मध्ये दिसेनासा झाला आणि पुढे सापडलाच नाही. वाघाच्या बातम्या होतात. सापाच्या होत नाहीत. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातली बहुतेक खेड्यांतली आणि निम्मी जून ते सप्टेंबरमधली. धुऱ्यावर पडलेली घोणस या दुर्बिणीत गवतात मिसळून जाते. उष्णता पाहणारे महागडे यंत्रही तिथे फसते, कारण सापाचे अंग आजूबाजूच्या मातीएवढेच गार असते. तिथे कामाला येते ती डोक्याला बांधायची साधी बॅटरी, गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि हातातली काठी. हे तिन्ही मिळून दुर्बिणीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास येते. तुमच्या पत्रात जागलीच्या सामानाची यादी आहे. तिच्यात टिनाचा डबा आहे, फटाके आहेत, चादर आहे. गमबूट नाहीत.

म्हणून माझे मत असे. आधी गमबूट आणि डोक्याची बॅटरी घ्या, याच आठवड्यात. जमिनीवर झोपणे बंद करा, कारण मण्यार रात्रीच येतो आणि झोपेतल्या माणसाला चावल्याचे कळतही नाही. कोणाला चावलाच तर कापू नका, करकचून बांधू नका, थेट सरकारी दवाखान्यात न्या.

त्यानंतर कुंपणाचा विचार करा. वनविभागाच्या श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान दिले जाते. तुमचे गाव त्यात बसते का, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात मुलाला एका सुटीच्या दिवशी पाठवून विचारून घ्या. सौर कुंपण थांबून थांबून झटका देते. जनावर पळते, मरत नाही. काही जण घरच्या लाइनीची तार उघडी टाकून ठेवतात, त्या वाटेला कधीही जाऊ नका. जय वाघाचा बछडा श्रीनिवास एप्रिल २०१७ मध्ये नागभीड तालुक्यात अशाच तारेने मेला. अशा तारेला पहाटे मोहफूल वेचायला निघालेली बाईसुद्धा चिकटते. मग पीक वाचवणारा माणूस तुरुंगात जातो.

नुकसान झालेच तर तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे अर्ज द्या. धान कापून घरी आणल्यावर पंचनामा कशाचा करणार? उन्हाळी धानाला पाणी द्यायला रात्री पंपावर जावे लागत असेल तर मागेल त्याला सौर कृषी पंप या २०२४ च्या योजनेचीही चौकशी करा. दिवसा पाणी मिळाले तर निम्म्या रात्री आपोआप वाचतात.

एवढे करूनही मुलाची इच्छा असेल तर दुर्बीण एकट्याने घेऊ नका. तुमच्या शिवारात लागून पाच-सहा बांध्या आहेत असे तुम्ही लिहिले आहे. त्या घरांनी मिळून एक घ्यावी. घराला दोन-अडीच हजार येतील. ज्या रात्री ज्याची पाळी, त्या रात्री त्याच्याकडे. एकट्याने जागण्यापेक्षा पाळ्या लावून दोघांनी जागणे केव्हाही बरे, आणि दुर्बिणीच्या निमित्ताने पाळ्या लागल्या तर तेवढ्यासाठीही तिचे पैसे वसूल झाले म्हणायचे. मात्र ती घेऊन अभयारण्याच्या हद्दीत शिरायचे नाही. तिथे परवानगीवाचून जाणे गुन्हा आहे, आणि रात्री गळ्यात अशी वस्तू घेऊन सापडलेल्या माणसाला वनरक्षक आधी शिकारीच समजेल.

घेताना भरदुपारी दुकानात डोळ्याला लावून "छान दिसते" म्हणू नका. परत करण्याची मुदत किती दिवसांची ते आधी विचारा. त्या मुदतीत एक अमावास्येच्या आसपासची रात्र पाहून मचाणावर न्या. दिवा पूर्ण लावून बॅटरी किती तास टिकते ते घड्याळावर मोजा. आमच्या पाहुण्याची तीन तासांत उतरली, आणि जागल तर नऊ तासांची असते.