कराचीचे अंतर

मुंबईहून कराची सरळ रेषेत सुमारे ८८० किलोमीटर भरते. दिल्ली त्याहून अडीचशे किलोमीटर लांब आहे. जेट विमानास हे अंतर तोडावयास दीड तास पुरे. तथापि २०१७ साली पाकिस्तानच्या सरकारी कंपनीने या दोन शहरांतील आपली विमानसेवा थांबविल्यापासून, व्हिसा हाती असलेल्या मुंबईकरासही आधी दुबई गाठावी लागते आणि तेथून पुन्हा पूर्वेकडे वळावे लागते. प्रवास तीन हजार किलोमीटरांवर जातो व खोळंबा धरता सारा दिवस खर्ची पडतो.

सिंध १९३६ च्या एप्रिलपर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीतील एका जुन्या विद्यालयास आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचे नाव आहे. अध्यापनात उमेदीची वर्षे घालविलेल्या आमच्यासारख्यास त्याचे अगत्य वाटावे, हे स्वाभाविक आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी लहानशा पुस मॉथ विमानातून टपाल आणले तेही कराचीहूनच. सकाळी निघून, अहमदाबादेस पेट्रोल भरून, ते दुपारी जुहूस उतरले. आपल्या नागरी विमानवाहतुकीने पहिले पाऊल टाकले ते याच वाटेवर. त्या चिमुकल्या विमानास लागलेला वेळ आजच्या दुबईमार्गे प्रवासापेक्षा अधिक नव्हता!

आपल्या भूमीवरील आकाशावर त्या त्या राष्ट्राची संपूर्ण सत्ता असते, हे तत्त्व १९४४ च्या शिकागो कराराने मान्य केले आहे. त्याच्या आधारे भारताने १९७१ साली, अपहृत विमान लाहोरास जाळले गेल्यावर, पाकिस्तानी विमानांस आपले आकाश बंद केले. पश्चिम पाकिस्तानातून ढाक्यास जाणाऱ्या विमानांस तेव्हा श्रीलंकेचा वळसा पडला. २००२ व २०१९ सालीही हेच शस्त्र निघाले. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर दोन्ही देशांनी परस्परांच्या विमानांस मज्जाव केला, आणि दिल्लीहून युरोप-अमेरिकेस जाणाऱ्या भारतीय विमानांचे तास व इंधन दोन्ही वाढले.

परंतु येथे दोन प्रश्नांची गल्लत होते. कराचीची विमानसेवा आकाश बंद झाल्यामुळे थांबली नाही. ती थांबली तेव्हा आकाश खुलेच होते. व्हिसा दुर्मिळ झाला, उतारू आटले आणि विमान गेले. मारेकऱ्यांना आश्रय देणाऱ्या राजवटीशी कठोर वागण्याचा सरकारचा अधिकार आम्हांस निःसंशय मान्य आहे. मात्र एप्रिल २०२५ च्या आदेशाने वैद्यकीय व्हिसाची मुदतही २९ तारखेस संपविली, आणि उपचारासाठी आलेल्यांस परतावे लागले. रुग्णाला वा फाळणीने दुरावलेल्या वृद्ध भावंडांना वाट देण्यासाठी आकाश उघडावयास नको. व्हिसाच्या कचेरीतील एक सही पुरे. ती सही आधी व्हावी, विमानाचा विचार मागाहून करता येईल.

असे पूर्वी घडलेले आहे. विमाने पुन्हा सुरू करण्याचे कलम जुलै १९७२ च्या सिमला करारात होते. तीही १९७६ पर्यंत सुटली नाहीत. पण सुटली, आणि तीही युद्ध होऊन पाच वर्षे उलटली नव्हती तेव्हा.