कव्हर कशासाठी?

पोथी जपण्याची विद्या आपल्या देशात फार जुनी आहे. ताडपत्रांच्या पोथीला खालीवर दोन लाकडी फळ्या लावीत व मधून दोरी ओवून ती घट्ट बांधीत; कागदी पोथी कापडात गुंडाळून ठेवीत. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागदांच्या गठ्ठ्यांना तर त्या कापडावरूनच ‘रुमाल’ हे नाव पडले. या वेष्टनांमागे एक साधा विचार होता. ताडपत्र वाकले की मोडते, म्हणून त्याला फळी. कागदाला धूळ आणि कसर यांचे भय, म्हणून त्याला कापड. भय कोणते ते आधी ठरे, वेष्टन मागाहून.

चेन्नईच्या शासकीय प्राच्य हस्तलिखित ग्रंथालयाची स्थापना 1869 सालची. ताडपत्री पोथ्यांचा फार मोठा संग्रह तेथे आहे. त्याच शहरात अण्णा सलाईलगत रिची स्ट्रीट नावाची विद्युत्-उपकरणांची प्रसिद्ध बाजारपेठ आहे, आणि तेथे आजच्या पोथीची, म्हणजे मोबाइलची व टॅबलेटची, वेष्टने टांगलेली दिसतात. अशा बाजारात, मग तो चेन्नईचा असो वा आपल्या तालुक्याच्या गावचा, गिऱ्हाइकाचे बहुधा दोनच प्रश्न असतात : रंग कोणता आणि किंमत किती? ‘हे कव्हर कोणत्या संकटापासून वाचवील?’ हा तिसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक तोच पहिला असावयास हवा. ज्या घरात एकच मोबाइल असून त्यावरच मुलांचा अभ्यास चालतो, किंवा ज्या वाचनालयाने वर्गणी जमवून चार टॅबलेट घेतले आहेत, तेथे हा प्रश्न हौसेचा नसून गरजेचा आहे.

चेन्नईचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. कठीण फरशी, समुद्राची वाळू, उन्हाची काहिली आणि पुराचे पाणी, अशी उपकरणाची चारही संकटे त्या एका शहरात एकवटली आहेत.

पहिले संकट पडण्याचे. 200 ग्रॅम वजनाचा मोबाइल 1 मीटर उंचीवरून पडला, तर जमिनीला टेकताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे 4.4 मीटर असतो. त्याची गतिज ऊर्जा 2 ज्यूलपेक्षा किंचित कमी, म्हणजे तशी किरकोळच भरते. तरीही काच फुटते. कारण घात ऊर्जेवर जितका अवलंबून असतो, तितकाच ती किती अंतरात शोषली जाते यावरही असतो. फरशीवर आपटलेला उघडा मोबाइल अर्ध्या मिलिमीटरात थांबला असे धरले, तर त्यावर येणारे सरासरी बल सुमारे 400 किलोग्रॅम वजनाइतके होते. कोपऱ्यावरच्या मऊ आवरणाने तेच अंतर 2 मिलिमीटर केले, की बल चौथाईवर, म्हणजे 100 किलोग्रॅमवर येते. झेल घेताना खेळाडू हात मागे नेतो, त्यातले शास्त्र हेच.

यावरून कव्हराची पारख करता येते. ते कोपऱ्यांपाशी दबणारे असावे आणि त्याचा काठ पडद्यापेक्षा व कॅमेऱ्याच्या भिंगापेक्षा थोडा उंच असावा, म्हणजे उपकरण पालथे पडले तरी काच जमिनीला लागणार नाही. 1953 साली जर्मनीत व अमेरिकेत स्वतंत्रपणे शोधले गेलेले पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक चिवट खरे, पण ताठ. धक्का पचविण्याचे काम टीपीयू नावाचे रबरासारखे मऊ प्लास्टिक अधिक चांगले करते. पाठीला पहिले आणि काठाला दुसरे, अशी जोडी असलेले साधे कव्हर बहुतेकांना पुरेसे आहे. निव्वळ ताठ, पातळ आणि गुळगुळीत कव्हर म्हणजे केवळ अलंकार.

काही पाकिटांवर ‘लष्करी दर्जा’ असे शब्द छापलेले असतात. त्यांचा उगम ‘मिल-स्टँडर्ड-810’ या अमेरिकी संरक्षण खात्याच्या परीक्षणपद्धतीत आहे. ती 1962 साली प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्या 2008 च्या आवृत्तीत 1.22 मीटर उंचीवरून 26 वेळा वस्तू पाडावी असे सांगितले आहे. पेटीच्या आकाराच्या वस्तूला 6 बाजू, 12 कडा व 8 कोपरे असतात. त्यांची ही बेरीज. परंतु या 26 आपटण्या पाच नमुन्यांत वाटून घेण्याची मुभा आहे, आणि पाडावयाचे ते काँक्रीटवर ठेवलेल्या 2 इंच जाडीच्या प्लायवुडावर. आपल्या घरांत प्लायवुडाची जमीन नसते. शहाबादी किंवा ग्रॅनाइटची फरशी असते. शिवाय लष्कर अशा कव्हरांना प्रमाणपत्र देत नाही. चाचणी करणारा आणि दावा करणारा बहुधा निर्माताच असतो. हे शब्द खोटेच असतात असे नव्हे. पण त्यांच्यासाठी दुप्पट पैसे मोजण्यापूर्वी त्यांचा अर्थ जाणून घ्यावा.

दुसरे संकट वाळूचे. पडद्यावर लावावयाच्या टेंपर्ड ग्लासवर ‘9 एच’ असे लिहिलेले असते, आणि हिऱ्याच्या 10 या अंकाखालोखालची ही कठीणता असावी असा पुष्कळांचा समज होतो. तो चुकीचा आहे. हिऱ्याचा अंक मोहसच्या मापातला. 9 एच हे शिसपेन्सिलींच्या कठीणपणाचे माप. अत्यंत कठीण शिशाच्या पेन्सिलीने ओरखडा उठत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मोहसच्या मापात काच 6 च्या आसपास, तर वाळूतील गारगोटीचे कण 7 वर बसतात. मरीना किनाऱ्यावर फिरून आलेल्या माणसाच्या खिशातील चार कण त्या काचेवर सहज रेघा ओढतात. तरीही ती काच लावावी. कारण ओरखडे स्वस्त काचेवर उठतात आणि महाग पडदा वाचतो. मात्र कव्हर अधूनमधून काढून आतील वाळू झटकली नाही, तर तेच कव्हर घासणीचे काम करते.

तिसरे संकट उष्णतेचे, आणि येथे कव्हर स्वतःच अपराधी ठरू शकते. अनेक निर्माते उपकरण 0 ते 35 अंश सेल्सियस तापमानात वापरावे असे सांगतात. चेन्नईत 31 मे 2003 रोजी पारा 45 अंशांवर गेला होता. नागपूर, चंद्रपूर, जळगाव येथील वाचकांनाही असे दिवस परके नाहीत. लिथियम-आयन बॅटरी तापली की तिच्यातील नको त्या रासायनिक क्रिया वेगाने होतात, तिची धारणशक्ती घटते आणि कधी आत वायू साचून ती फुगते. चार्जिंग चालू असताना बॅटरी आधीच तापत असते. त्यात जाड कव्हर म्हणजे ज्येष्ठात अंगावर गोधडी घेण्यासारखे. म्हणून उन्हाळ्यात चार्जिंगच्या वेळी जाड कव्हर काढून ठेवावे, आणि उपकरण उशीखाली किंवा उन्हातल्या मोटारीत ठेवू नये. चामड्याचे कव्हर देखणे असते. चामड्याच्या संशोधनाची केंद्रीय संस्था 1948 पासून चेन्नईच्या अड्यार भागातच आहे. पण समुद्रकाठच्या दमट हवेत चामड्याला बुरशी धरते. चेन्नईत किंवा कोकणात ते घेणाऱ्याने पुसण्याची, वाळविण्याची तयारी ठेवावी.

चौथे संकट पाण्याचे. 2015 च्या डिसेंबरारंभी अड्यार नदीचे पाणी चेन्नईच्या वस्त्यांत शिरले, तेव्हा मोबाइल हे मदत मागण्याचे साधन होते. उपकरणावरील ‘आयपी 68’ या खुणेतील 6 हा अंक धुळीसाठी आणि 8 हा पाण्यासाठी असतो. परंतु ही चाचणी नव्या उपकरणाची व गोड्या पाण्यातली. पुराचे गढूळ पाणी आणि समुद्राचे खारे पाणी यांची हमी ती देत नाही, आणि एकदा आपटलेल्या उपकरणाच्या फटी पूर्वीसारख्या बंद राहतीलच असे नाही. साधे कव्हर तर पाणी मुळीच अडवीत नाही. पावसाळ्यात घट्ट बंद होणारी प्लास्टिकची पिशवी जवळ ठेवणे, हा सर्वांत स्वस्त व खात्रीचा उपाय. भिजलेला मोबाइल तांदळाच्या डब्यात ठेवण्याची रूढीही सोडावी. तांदळाचे बारीक कण आत शिरून अपायच करू शकतात.

शोभेच्या सोसाने आणखी दोन धोके येतात. 2017 साली अमेरिकेत द्रव व चमकी भरलेली सुमारे 2 लाख 63 हजार कव्हरे बाजारातून परत मागविण्यात आली, कारण गळलेल्या द्रवाने त्वचा भाजल्याचे आढळले होते. मुलांच्या हाती अशी कव्हरे देऊ नयेत. तसेच लोहचुंबक असलेली कव्हरे पेसमेकर बसविलेल्या माणसाने छातीवरच्या खिशात ठेवू नयेत. अशी उपकरणे किमान 15 सेंटिमीटर दूर असावीत असा सल्ला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2021 साली दिला आहे.

‘महाग तेच चांगले’ असे म्हणणारे पुष्कळ आहेत. ‘काच आता मजबूत झाली, कव्हर हवे कशाला?’ असे म्हणणारेही आहेत. दोघांचीही चूक एकच : संकट न पाहता ते उपाय ठरवितात. शाळेने व वाचनालयाने टॅबलेट घेताना कव्हराचा खर्च खरेदीतच धरावा. लहान मुलांसाठी मूठ असलेले, ईव्हीए फोमचे जाड कव्हर घ्यावे. ते दिसावयास ओबडधोबड असते, पण हलके असून धक्का सोसते. महिन्यातून एकदा प्रत्येक कव्हर उतरवून उपकरण पुसावे आणि पाठ फुगलेली नाही ना, हे पाहावे. कारण फुगलेली बॅटरी कव्हराआड दडून राहते.

एक कर्तव्य निर्मात्यांचेही आहे. किती उंचीवरून, कोणत्या पृष्ठभागावर, किती वेळा पाडून पाहिले, हे तीन आकडे प्रत्येक पाकिटावर मराठीत, तमिळमध्ये, गिऱ्हाइकाच्या भाषेत छापावयास अडचण कोणती? ते छापले जात नाहीत, तोवर गिऱ्हाइकाने दुकानात ते विचारीत राहावे. विचारणारे वाढले की छापणारेही निघतील.