चकलीच्या किलोमागे काकूंचे तास किती?



मागच्या महिन्यात मागणी आणि पुरवठा पाहिला. आज खर्च. आपल्या मंडळातली बरीच मुलं यंदा अकरावी कॉमर्सला किंवा बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहेत. त्यांच्या पुस्तकात सुरुवातीलाच एक शब्द येतो, ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट. मराठीत संधी खर्च. व्याख्या पाठ होते, दोन मार्क मिळतात आणि विषय संपतो. पण हा शब्द आपल्या स्वयंपाकघरात आणून बघा, मग त्याची किंमत कळते.

समजा, वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहणाऱ्या एक काकू दिवाळीला चकली विकतात. भाव ४०० रुपये किलो, विक्री १०० किलो. म्हणजे हातात आले ४०,००० रुपये. भाजणी, तेल, मसाला यांचे गेले २२,०००. गॅस, पिशव्या आणि रिक्षा मिळून ५,०००. खर्च झाला २७,००० आणि उरले १३,०००. घरात सगळे खूश. वहीतला हा हिशेब बरोबरच आहे. याला हिशेबी नफा म्हणतात.

अर्थशास्त्र मात्र पुढचा प्रश्न विचारतं: हे केलं नसतं, तर काय मिळालं असतं?

काकूंचे या चकलीत १५० तास गेले आणि सूनबाईंचे ५०. जवळच्या केटररकडे पोळ्या लाटायचे तासाला ७० रुपये मिळतात आणि दोघींना तिथे बोलावणं होतं. २०० तासांचे झाले १४,०००. पुढची खोली एरवी एका शिंप्याला ३,००० रुपये महिन्याने देता आली असती. ती महिनाभर डब्यांनी भरली. हे १७,००० कुणाच्या खिशातून गेले नाहीत, म्हणून वहीत दिसत नाहीत. पण सोडून दिलेली कमाई हाही खर्चच. १३,००० मधून १७,००० वजा करा. आर्थिक नफा उणे ४,०००!

संधी खर्चाची कल्पना ऑस्ट्रियाचे अर्थतज्ज्ञ फ्रीडरिख फॉन वीझर यांच्या नावाशी जोडली जाते. तिचं सार एवढंच, की एखाद्या गोष्टीची खरी किंमत म्हणजे तिच्यासाठी सोडलेला सर्वांत चांगला पर्याय.

मग चकली बंद करायची का? तसं नाही. आधी भाव बघा. सगळा खर्च धरला तर ४४,००० होतो, म्हणजे किलोला ४४० पडतात. भाव ४४० केला आणि गिऱ्हाईक कमी होऊन ९० किलोच खपली असं धरू. भाव १० टक्के वाढला, खप १० टक्के घटला. पुस्तकाच्या भाषेत मागणीची लवचिकता साधारण १. विक्री ३९,६००. सामान आणि गॅस वगैरे किलोला २७० प्रमाणे २४,३००. हातात उरले १५,३००. वेळ लागला १८० तास, त्याचे १२,६०० आणि खोलीचे ३,०००. तूट राहिली फक्त ३०० रुपयांची. दहा किलो कमी विकूनही काकू फायद्यात, शिवाय वीस तासांची उसंत.

इथे एक बारकावा परीक्षेतही विचारतात. गेल्या वर्षी घेतलेल्या चकलीच्या मशीनचे पैसे या हिशेबात धरायचे का? ते खर्च होऊन गेले, आता परत येणार नाहीत. म्हणून आजच्या निर्णयात ते येत नाहीत. मशीन आज विकून जे मिळेल, तेवढंच विचारात घ्यायचं.

दुसरा बारकावा त्याहून महत्त्वाचा. घरात लहान मूल असेल आणि सूनबाईंना बाहेर जाताच येत नसेल, तर तासाला ७० हा आकडा त्यांना लागू नाही. मग त्यांचा वेळ फुकट का? नाही. तेव्हा सोडलेला पर्याय म्हणजे झोप, अभ्यास किंवा दोन घटका निवांतपणा. त्याची किंमत त्यांनाच विचारायला हवी. आपण परस्पर शून्य लिहायचं नाही.

आमच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीत दर तासाची नोंद करावी लागते, कोणता तास कोणत्या प्रोजेक्टला गेला ते. त्यावरून ग्राहकाचं बिल निघतं. घरात अशी नोंद कुणी ठेवत नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात असं दिसलं. अशी कामं करणाऱ्या पुरुषांची ९७. देशाच्या जीडीपीत घरच्या या स्वयंपाकाला, धुण्याभांड्याला जागा नाही. पण घरच्या धंद्याच्या वहीत तरी ती असायला काय हरकत आहे?

"घरचंच तर काम, त्याची कसली मजुरी?" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्याचा परिणाम असा, की माल स्वस्त पडतो, गिऱ्हाईक खूश होतं आणि ती सवलत घरातल्या कुणाच्या तरी कंबरेतून वसूल होते.

तेव्हा मुलांनो, या महिन्याचा गृहपाठ. घरी दुकान असेल, शिकवणी असेल, डबे असतील, तर एका कागदावर दोन रकाने करा. डावीकडे दिलेले पैसे, उजवीकडे सोडलेली कमाई. उजवा रकाना भरताना आई, आजी, वहिनी यांना शेजारी बसवा आणि तास त्यांनाच सांगू द्या.

पुढच्या महिन्यात ब्रेक-इव्हन पॉइंट, म्हणजे धंदा ना नफा ना तोटा या रेघेवर कधी येतो, ते पाहू.