४५ दिवस बंदूक घरात, पत्ता गावभर

शेतीसंरक्षणाची बंदूक बाळगणाऱ्या आणि तिचे कागद हाताळणाऱ्या सर्वांसाठी



आमच्या वाडीतल्या एका सत्तरी ओलांडलेल्या शेतकऱ्याने वडिलांच्या वेळची बारा बोअरची बंदूक विकायला काढली. गुडघे गेले, रानडुकरांच्या राखणीला रात्री काजूच्या बागेत जाणं जमेना, मुलगा मुंबईला. गिऱ्हाईक शेजारच्या तालुक्यातलं, रीतसर परवानाधारक. म्हाताऱ्याने जे जे कागद मागितले ते ते दिले. पंधरवड्याच्या आत त्याच्या परवान्याच्या पानांचा फोटो खरेदी-विक्रीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होता. चेहरा, सही, घर क्रमांक, वाडी, बंदुकीचा नंबर, किती काडतुसं बाळगायची मुभा आहे तेसुद्धा. सोबत आधार कार्ड. बंदूक अजून त्याच्याच घरात होती, आणि घरात ती दोघंच म्हातारी माणसं.

परवान्यापायी किती हेलपाटे पडतात हे तुम्हाला सांगायला नको. मला आज बोलायचंय ते फक्त झेरॉक्सबद्दल. ‘एक कॉपी ठेवून जा’, ‘फोटो काढून व्हॉट्सॲपला टाका’ ही जी सवय सगळ्यांना जडली आहे, तिच्याबद्दल.

आधी कायदा पाहू. शस्त्र अधिनियम, १९५९, कलम ५. स्वतःच्या वापराची बंदूक दुसऱ्या परवानाधारकाला विकायची तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला लेखी कळवायचं, घेणाऱ्याचं नाव-पत्ता द्यायचा आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं. ही अट मला पूर्ण मान्य आहे. बंदूक कोणाकडे जाते हे पोलिसांना कळलंच पाहिजे. ज्याला हेही नको असेल त्याने मला आपल्या बाजूचा समजू नये. पण हे ४५ दिवस बंदूक विकणाऱ्याच्याच घरात असते. ती कुठे आहे हे परक्याला कळू नये असा काळ कोणता, तर हाच. नेमक्या याच दिवसांत आपण त्याचे कागद वाटत सुटतो. एक प्रत मध्यस्थाला, एक गिऱ्हाइकाला, गिऱ्हाइकाच्या भावाला मोबाईलवर, आणि सौदा फिसकटला की पुढच्या गिऱ्हाइकाला पुन्हा सगळं पहिल्यापासून. आधीच्यांकडच्या प्रती परत कोण मागतो?

कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जरा उभे राहून बघा. बिघडलेली प्रत कोणी फाडत नाही. कोरी बाजू वर करून ती गठ्ठ्यात जाते आणि तिच्यावर हिशेब लिहिला जातो. मी असा एक कागद उलटून पाहिला. मागे कुणाचा तरी परवाना होता, गावासकट.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. माहिती सांभाळण्यात हलगर्जीपणा झाला तर त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पण तो कायदा डिजिटल माहितीपुरता. दुकानातला तो कागदाचा गठ्ठा त्याच्या कक्षेतच येत नाही.

यावर लोक म्हणतात, ‘लपवण्यासारखं काही नसेल तर भीती कशाला?’ असं म्हणणाऱ्याने आपल्या कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात ते चावडीवर लिहून लावावं, मग माझ्याशी बोलावं. दुसरे म्हणतात, ‘कागद कमी केले की हत्यारं गुंडांच्या हाती जातील.’ गावठी कट्टा विकणारा आजवर कोणाकडे झेरॉक्स मागायला गेला आहे? गुंडाच्या हाती परवान्याची बंदूक जायचा सोपा रस्ता घरफोडी हा आहे, आणि त्या घराचा पत्ता आपण आपल्या हाताने पुरवतो. तिसरं उत्तर सगळ्यात निर्लज्ज: ‘पहिल्यापासून हीच पद्धत आहे.’ कोणत्या नियमात आहे, कलम दाखवा, एवढं विचारलं की समोरचा फाइल चाळू लागतो.

प्रत्येक परवान्याला आज शस्त्र परवान्यांच्या राष्ट्रीय नोंदीत स्वतंत्र ओळख क्रमांक (यूआयएन) आहे. परवाना खरा की खोटा हे अधिकाऱ्याला त्यावरून तपासता येतं. गिऱ्हाइकाला मूळ परवाना समोर बसून बघता येतो. फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारं मास्क्ड आधार सरकारनेच उपलब्ध करून दिलंय. मग मध्यस्थाच्या मोबाईलमध्ये सगळी पानं हवीत कशाला?

म्हणून सांगतो. परवान्याचा फोटो कोणालाही मोबाईलवर पाठवू नका. कार्यालयाला प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा, ‘केवळ या अर्जासाठी’, खाली तारीख आणि सही. पोच घ्या. बिघडलेली प्रत दुकानातून मागून घ्या आणि तिथेच फाडा. सौदा मोडला तर आपले कागद परत मागा, त्यात संकोच कसला? आणि तुमच्या मोबाईलमध्ये आत्ता कोणाच्या परवान्याचा फोटो असेल, तर हे पत्रक खाली ठेवण्याआधी तो पुसून टाका.