धूमपानत्याग : ‘पुन्हा सुरू झाली’ हा रकाना

आमच्या चिकित्सालयातील जुन्या रुग्णपत्रिका चाळताना एक गोष्ट प्रकर्षाने ध्यानी येते. विडी, सिगारेट, तंबाखू यांच्या रकान्यात ‘सोडण्यास सांगितले’ हे शब्द शेकडो पत्रिकांवर आढळतात. ‘सोडली’ ही नोंद त्याहून पुष्कळच कमी, आणि ‘पुन्हा सुरू झाली’ ही नोंद जवळजवळ कोठेच नाही. पुन्हा कोणीच सुरू केली नाही असा याचा अर्थ लावणे म्हणजे स्वतःची फसवणूक करून घेणे होय. ज्यांनी पुन्हा सुरू केली ते आमच्याकडे परत आले नाहीत, इतकाच त्याचा अर्थ.

आठ वर्षांपूर्वी सदतीस वर्षांचे एक मालट्रक चालक पोटरीच्या वेदनेसाठी आमच्याकडे आले. शे-सव्वाशे पावले चालले की डावी पोटरी आवळून येई, थांबले की वेदना शमे. पाऊल थंड, बोटांचा वर्ण काळवंडलेला, अंगठ्याशेजारच्या बोटावर न भरणारा व्रण. दिवसाकाठी दीड-दोन बंडले विडी. प्रथम आम्ही वातरक्ताच्या दिशेने विचार केला. परंतु पावलावरील नाडी हातास लागेना, म्हणून शल्यचिकित्सकांकडे पाठविले. निदान बर्जरच्या व्याधीचे झाले. या व्याधीत तंबाखू पूर्णपणे सुटल्याखेरीज कोणतेही औषध अवयव वाचवू शकत नाही, आणि दिवसाची एखाददुसरी विडीदेखील व्याधी धगधगती ठेवण्यास पुरेशी होते, हे आपण सारे जाणतो. कुटुंब वारकरी होते. आम्ही वडिलांना बोलावून घेतले, त्यांच्यासमक्ष शपथ घ्यावयास लावली. आषाढीला त्यांनी माळ घातली. सात महिने विडीला स्पर्श नाही. चालण्याचे अंतर वाढले, व्रण भरून आला. व्यवसायबंधूंच्या दोन बैठकांत आम्ही हे उदाहरण अभिमानाने सांगितलेही.

त्यानंतर ते येईनासे झाले. बरे वाटत असेल म्हणून येत नसतील, असा सोयीस्कर समज आम्ही करून घेतला. चौदा महिन्यांनी पत्नीच्या खांद्याचा आधार घेऊन ते आले, तेव्हा डाव्या पायाची दोन बोटे काढलेली होती. चुलतभाऊ अपघातात गेला, त्या रात्री कोणीतरी पेटविलेली विडी हाती दिली आणि तेराव्यापर्यंत बंडल पूर्ववत झाले, एवढीच हकिकत. आम्ही विचारले, तेव्हाच का आला नाहीत? ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, माळ काढून ठेवली त्या दिवशी तुमच्या दवाखान्यावरून दोनदा गेलो. पायरी चढवेना.”

ती पायरी आम्हीच उंच करून ठेवली होती. विडीचे दुष्परिणाम आम्ही सांगितले, वेदनेवर औषध दिले, शपथ घेवविली. परंतु विडीची इच्छा पुन्हा होईल, ती कोणत्या प्रसंगी होईल, किती वेळ टिकेल, आणि पाय घसरलाच तर त्याच संध्याकाळी काय करावे, यातील एक अक्षरही आम्ही बोललो नव्हतो. शपथेचा दोष नाही. अनेकांना ती तारून नेते. परंतु जी शपथ मोडल्यावर रुग्णाला वैद्याकडे येण्याची लाज वाटते, ती चिकित्सेचे अंग होऊ शकत नाही, असे आमचे आता ठाम मत झाले आहे.

वस्तुतः पुनरावर्तन हा विषय आपल्या संहितांना अपरिचित नाही. चरकाचार्यांनी मदात्यय चिकित्सेच्या अध्यायात ध्वंसक आणि विक्षय हे दोन विकार वर्णिले आहेत. मद्य सोडलेला मनुष्य एकाएकी पुन्हा अतिमद्यपान करू लागला असता ते उद्भवतात. परीक्षेपुरते आपण सर्वांनी ते पाठ केले होते. परंतु त्या वर्णनात आचार्य अशा मनुष्याची निर्भर्त्सना करीत नाहीत, हे आमच्या ध्यानी फार उशिरा आले. ते त्यास रुग्ण मानतात, क्षीण देहात हा विकार दुश्चिकित्स्य होतो असा इशारा देतात, आणि बस्ती, घृत, दुग्ध, अभ्यंग अशी वातशामक, बृंहण चिकित्सा सांगतात. मद्य आणि तंबाखू एक नव्हेत, हे मान्य. तरीही सोडलेले व्यसन परतणे हा चिकित्सेचा विषय आहे, ही दृष्टी त्या अध्यायात स्पष्ट आहे. व्यसनी रुग्णास ‘तुझ्यात धृतीच नाही’ असे सुनावणाऱ्या वैद्याने धृतिभ्रंश हा रोगहेतू म्हणून सांगितला आहे, शिवी म्हणून नव्हे, याचे स्मरण ठेवावे.

इच्छेच्या वेगाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण रुग्णास सर्वाधिक उपयोग याच माहितीचा होतो. धुराबरोबर आत गेलेले निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि सुमारे दोन तासांत रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. म्हणून सवयीच्या माणसाचा हात तास-दीड तासाने आपोआप खिशाकडे जातो. सोडल्यावर अस्वस्थता, चिडचिड, निद्रानाश, चित्ताची अस्थिरता ही लक्षणे पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतात आणि बहुधा दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. मात्र इच्छेची प्रत्येक लाट स्वतंत्रपणे पाहिली तर ती काही मिनिटांचीच असते. हे ज्यास ठाऊक नाही त्यास वाटते की ही तळमळ विडी ओढेपर्यंत अशीच वाढत जाणार. ज्यास ठाऊक आहे तो घड्याळाकडे पाहतो. आमच्या रुग्णांना आम्ही अक्षरशः घड्याळच पाहावयास सांगतो. तेवढ्या वेळात जागा सोडावी, कोमट पाणी घोट घोट प्यावे, ज्येष्ठमधाची काडी, वेलची अथवा आवळकाठी तोंडात धरावी. सुपारी मात्र देऊ नये. एक व्यसन काढून दुसरे पेरण्याचा तो प्रकार होय, आणि ती स्वतः कर्करोगकारक आहे.

त्या पहिल्या महिन्यात मलबद्धता, मुखपाक, क्वचित वाढलेला कास आणि भूक ही लक्षणे दिसतात. रुग्णाला आधी सांगितले नाही तर तो म्हणतो, ‘विडी होती तेव्हा पोट साफ होत होते,’ आणि तेवढ्या कारणाने परततो. त्रिफळा किंवा गंधर्वहरीतकी, पादाभ्यंग, रात्री ब्राह्मी-जटामांसीचे कल्प, यांनी ही लक्षणे सुसह्य होतात असा आमचा अनुभव आहे. हा अनुभव आहे, चाचणी नव्हे. तंबाखूची इच्छाच नाहीशी करणारे एखादे आयुर्वेदीय द्रव्य सिद्ध झाले आहे असे आम्ही म्हणणार नाही. आणखी एक व्यावहारिक बाब अनेकांच्या ध्यानी नसते. तंबाखूच्या धुरामुळे यकृतात चहा-कॉफीतील कॅफिनचा निचरा वेगाने होत असतो. धूर बंद होताच तो मंदावतो आणि तेवढ्याच चहाने धडधड, अस्वस्थता, निद्रानाश वाढतो. रुग्ण मात्र तो दोष विडी सोडण्यास देतो. म्हणून चहा निम्म्यावर आणावयास सांगावे. हेच थिओफिलिनला लागू आहे; श्वासरोगी ते घेत असेल तर धूमपान सोडल्यावर रक्तातील त्याचे प्रमाण वाढू शकते, तेव्हा मूळ चिकित्सकांना कळविणे अगत्याचे.

आता क्रमाचा प्रश्न. अहितकर सवय पादांशाने सोडावी या चरकोक्त उपदेशाचा आधार घेऊन आपल्यापैकी बहुतेक जण ‘हळूहळू कमी करा’ असे सांगतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, इंग्लंडमध्ये सुमारे सातशे धूमपान करणाऱ्यांवर केलेल्या चाचणीत, ठरलेल्या दिवशी एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के, तर दोन आठवड्यांत कमी करीत सोडणाऱ्यांपैकी ३९ टक्के चार आठवड्यांनंतर मुक्त आढळले. पुढील काळातील संकलित आढाव्यांत दोन्ही पद्धतींत विशेष अंतर दिसले नाही. तेव्हा पादांशिक क्रम त्याज्य ठरला असे मुळीच नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. मोजणीबाबत टीकाकारांत मतभेद असले तरी शास्त्रातील हा क्रम दिवसांचा आहे, वर्षांचा नव्हे. आणि अहिताचा जो अंश सुटतो त्याच्या जागी हिताचा अंश प्रतिष्ठित करणे हे त्याचे अर्धे अंग आहे. आपले रुग्ण मात्र वीस विड्यांवरून आठांवर येतात, प्रत्येक विडी अधिक खोल ओढतात, आणि ‘कमी केली आहे, डॉक्टर’ या वाक्यावर पाच-पाच वर्षे काढतात. आपणही मान डोलावतो. शेवटच्या विडीची तारीख पत्रिकेवर लिहिल्याखेरीज पादांशिक क्रम सुरूच करू नये. बर्जरच्या व्याधीसारख्या प्रसंगी तर एकदम सोडणे हाच मार्ग.

संहितेतही धूमपान सांगितले आहे, असा युक्तिवाद करणारे सुशिक्षित रुग्ण भेटतात. त्या औषधी वर्तीत तंबाखू नव्हती, ती भारतात पोर्तुगीजांबरोबर आली. काळ व मात्रा यांचे निर्बंध होते, अतियोगाचे उपद्रव सांगितले होते, आणि वाग्भटांनी अठरा वर्षांखालील व्यक्तीस धूम निषिद्ध मानला होता. एवढे सांगितले की युक्तिवाद बहुधा संपतो.

औषधविक्रेते बंधूंशी थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. तंबाखूविरहित म्हणून विकल्या जाणाऱ्या वनौषधी सिगारेटींच्या धुरातही डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड असतोच, शिवाय हात, ओठ आणि धूर यांची सांगड त्या जिवंत ठेवतात. ‘चहातून नकळत द्या’ अशी जाहिरात असलेली चूर्णे तर चिकित्सेच्या मूलतत्त्वालाच धरून नाहीत. रुग्णाला न सांगता दिलेल्या चूर्णाने इच्छेचा वेग ओळखण्याची आणि परतविण्याची शिकवण त्यास कशी मिळणार? विक्री होते हे आम्हास ठाऊक आहे. तरीही आयुर्वेदाची पाटी असलेल्या दुकानात ती ठेवू नयेत, ही आमची विनंती.

त्याउलट, निकोटिनचे गम किंवा तत्सम उपचार ज्यास लागतील त्यास तज्ज्ञाकडे पाठविण्यात कसलाही कमीपणा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत शिफारस केलेल्या औषधांपैकी सायटिसिन हे तर वनस्पतिज द्रव्य आहे आणि पूर्व युरोपात ते १९६० च्या दशकापासून वापरात आहे. वनस्पतीचा अभिमान बाळगणाऱ्या आपण मंडळींनी त्या इतिहासाकडे किमान कुतूहलाने पाहावयास हवे. १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवा निःशुल्क आहे; तिचा क्रमांक आम्ही आता पत्रिकेच्या मागील बाजूस छापून घेतला आहे.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार आरोग्यसेवकाकडे गेलेल्या धूमपान करणाऱ्यांपैकी निम्म्यांहून किंचित कमी, ४८.८ टक्के, व्यक्तींनाच सोडण्याचा सल्ला मिळाला होता. महाराष्ट्रात धूमपानाचे प्रमाण ३.८ टक्के म्हणजे तुलनेने अल्प, परंतु धूररहित तंबाखूचे २४.४ टक्के. तेव्हा येथे जे लिहिले ते मशेरी आणि मळलेल्या तंबाखूच्या रुग्णांनाही थोड्याफार फरकाने लागू पडेल. त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल, तो पुन्हा केव्हातरी.

एक कबुली देणे प्राप्त आहे. आम्ही स्वतः आंतरवासितेच्या वर्षापासून चौतिसाव्या वर्षापर्यंत सिगारेट ओढत होतो आणि तीनदा सोडून दोनदा परतलो. दुसऱ्या वेळी अकरा महिने झाले होते. एका स्नेह्याच्या घरी लग्नाच्या आदल्या रात्री ‘एकच’ म्हणून घेतली. दुसऱ्या दिवशी रुग्णास उपदेश करताना खिशात पाकीट होते. ही गोष्ट आम्ही त्या चालकांना त्यांची बोटे गेल्यानंतर सांगितली. आधी सांगितली असती तर पायरी थोडी खाली आली असती.

नव्या पत्रिकांवर आम्ही ‘पुन्हा सुरू झाली’ असा एक रकाना घातला आहे. त्यात तारीख, प्रसंग, सोबत कोण होते आणि किती ओढल्या, एवढेच लिहावयाचे. सोडल्यानंतर पहिल्या आठवड्यात तीनदा, महिनाभर दर आठवड्यास आणि पुढे वर्षभर दर महिन्यास रुग्णास बोलवावयाचे. न आल्यास आमच्याकडील सहायक दूरध्वनी करतात, आणि पहिलेच वाक्य ‘ओढली असेल तरी या’ असे बोलतात. शुल्क त्या भेटीचे घेत नाही. हे वाक्य बोलावयास सहायकांना प्रारंभी फार संकोच वाटत असे.

ते चालक आता ट्रक चालवीत नाहीत. किराणा दुकानाचे हिशोब पाहतात. त्यांच्या पत्रिकेवर या रकान्यात तीन नोंदी आहेत. शेवटची गेल्या माघातली : मेहुण्याच्या घरची वास्तुशांत, सोबत जुने चालक मित्र, विड्या दोन. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कुलूप काढीत असताना ते पायरीवर बसलेले होते.