फिल्मची पाठ आणि आमच्याकडील ऊन

गेल्या उन्हाळ्यांत वाटूर येथील एका विद्यार्थ्याच्या घरीं आमचें जाणें झालें. माळ्यावरची पत्र्याची पेटी आमच्यासमोर उघडण्यांत आली, तों सिरक्याचा असा उग्र दर्प आला कीं घरच्या मंडळींस वाटलें, लोणच्याची बरणीच लवंडली. पेटींत लोणचें नव्हतें. मुलाच्या आजोबांनीं १९७० च्या सुमारास काढलेल्या फोटोंच्या त्या निगेटिव्ह होत्या. कांहीं पट्ट्या उन्हांत घातलेल्या पापडाप्रमाणें वाकल्या होत्या. कांहींवरील चित्राचा पापुद्राच सुटूं लागला होता. मुलाचे वडील सहज म्हणाले, "सर, बऱ्या आहेत तेवढ्यांचे मोबाईलमध्यें फोटो काढून घेतों आणि पेटी रिकामी करून टाकतों." त्यांच्या या म्हणण्याशीं आमचा मतभेद आहे, आणि तो सर्व पालकांपुढें मांडावा असें आम्हांस वाटतें.

फिल्म म्हणजे वस्तुतः दोन वस्तु होत. एक जिलेटिनचा थर, ज्यांत चांदीचे क्षार असतात व ज्यावर चित्र उमटतें. दुसरी ती पारदर्शक पट्टी, जिच्यावर हा थर चढविलेला असतो. या पट्टीस आम्ही फिल्मची पाठ म्हणतों. चित्राकडे सर्वांचें लक्ष जातें, पाठीकडे कोणीच पाहत नाहीं. परंतु चित्र किती वर्षें टिकावें हें बहुतांशीं पाठच ठरविते.

प्रथम ही पाठ काचेची असे. निजामाच्या दरबारचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रांत आजही जपून ठेवलेल्या आहेत. काच फुटते, पण कुजत नाहीं. पुढें १८८९ मध्यें ईस्टमन कंपनीनें नायट्रेटची लवचीक पाठ बाजारांत आणिली आणि कॅमेरा हलका झाला. दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' अशाच फिल्मवर उतरला. तिच्या कडांस अंधाऱ्या खोलींत भोकें पाडण्याचें काम सरस्वतीबाई फाळके करीत. ही पाठ मात्र मोठी घातकी. तिच्या घटकांतच प्राणवायु असल्यामुळें एकदां पेटली कीं पाण्याखालींही जळत राहते. ८ जानेवारी २००३ रोजीं पुण्यांत, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारांतील कोठींत आग लागून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचीं नायट्रेटचीं असंख्य रिळें भस्म झालीं. न जळलेल्यांचें भाग्यही फारसें बरें नाहीं. आपल्या देशांत तेराशेंच्या वर मूकपट निघाले असें सांगतात. त्यांपैकीं तुकड्यातुकड्यांनीं कां होईना, शिल्लक आहेत ते तीसही भरत नाहींत. कित्येक रिळें तर त्यांतील चांदी काढून घेण्यासाठीं विकलीं गेलीं.

या आगींच्या भीतीनेंच अॅसिटेटची 'सेफ्टी' पाठ आली, आणि १९४८ पासून तिचा ट्रायअॅसिटेट हा सुधारलेला प्रकार चित्रपटांतही रूढ झाला. आमच्या घरोघरच्या पेट्यांत आहे ती बहुधा हीच. ती भडकत नाहीं, पण उष्णता व दमटपणा यांनीं तिच्यांतून सिरक्याचें आम्ल सुटूं लागतें, आणि तें आम्लच पुढील नासाडीस हातभार लावतें. हा रोग प्रथम कोठून कळविला गेला, हें वाचकांस ठाऊक नसेल. ट्रायअॅसिटेट निघून दहा वर्षें होण्याच्या आंतच कोडॅक कंपनीकडे पहिली तक्रार गेली ती भारत सरकारची! येथील उष्ण व दमट हवेंत ठेवलेल्या फिल्म बिघडल्या होत्या. अमेरिकेंतील एका संस्थेच्या हिशेबानें २१ अंश उष्णता व पन्नास टक्के आर्द्रता असतां ताज्या अॅसिटेटला हा रोग जडण्यास सुमारें ४० वर्षें लागतात. आमच्याकडे वैशाखांत पारा चाळिशीपार जातो, वर तापलेले पत्रे असतात, आणि मागोमाग पावसाळ्याचा ओलावा येतो. तेथें ही चाळीस वर्षें कोठून मिळणार?

तिसरी पाठ पॉलिएस्टरची. ती फार टिकाऊ, परंतु वापरणाराची परीक्षा पाहणारी आहे. अॅसिटेटची पट्टी जोरानें ओढली तर ती तुटते व कॅमेरा वांचतो. पॉलिएस्टर तुटत नाहीं, तेव्हां कॅमेऱ्याच्या दांत्यांवर बेततें. शिवाय तिची स्वच्छ पाठ बाहेर राहिलेल्या टोंकातून उजेड आंत ओढून नेते. एका सहलींत भर उन्हांत उभे राहून आम्हीं अशी फिल्म कॅमेऱ्यांत घातली आणि पहिलीं कांहीं चित्रें धुरकट निघालीं. दोष दुकानदाराचा म्हणून आम्ही मोकळे झालों होतों. वस्तुतः तो सर्वस्वीं आमचाच होता. हल्ली पुन्हां फिल्मचा नाद लागलेल्या आमच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं निदान सावलींत, आपल्या अंगाच्या आडोशानें फिल्म भरावी. हिवाळ्याच्या कोरड्या हवेंत ती सावकाश गुंडाळावी, नाहींतर घर्षणाच्या विजेच्या ठिणग्यांचे डाग चित्रावर उमटतात. आणि काढून झालेली फिल्म मोटारसायकलच्या डिकींत विसरूं नये.

आतां त्या पेटीकडे वळूं. मोबाईलनें नक्कल घेण्यास आमचा विरोध नाहीं. ती आजच घ्यावी, कारण आकसलेली पट्टी पुन्हां सपाट होत नाहीं. परंतु ती नक्कल त्या दिवशींच्या भिंगास जेवढें दिसलें तेवढीच असते. निगेटिव्हमध्यें त्याहून पुष्कळ अधिक असतें, आणि उद्यां तें अधिक चांगल्या यंत्रानें बाहेर काढतां येईल. मूळच फेकून दिलें तर काय काढणार? शिवाय मोबाईल हरवतो, फुटतो, दर चार वर्षांनीं बदलतो, हें पालकांस आम्हीं सांगावयास नको.

आम्हीं त्या घरीं एवढेंच केलें. दर्प येणाऱ्या पट्ट्या वेगळ्या काढल्या, कारण त्यांची वाफ शेजारच्यांसही नासविते. उरलेल्या साध्या कागदी पाकिटांत घातल्या. बंद डब्यांत वाफ कोंडते म्हणून पत्र्याची पेटी रद्द केली, आणि पाकिटें माळ्यावरून उतरवून मातीच्या भिंतीच्या थंड खोलींत ठेवविलीं. वाकलेल्या पट्ट्यांपैकीं एक खिडकीच्या उजेडांत धरली असतां आंत बैलगाडीजवळ उभी असलेली एक तरुण स्त्री दिसली. मुलाची आजी चष्मा शोधीत होती. चष्मा सांपडेपर्यंत तिनें ती पट्टी कोणास हातांतून घेऊं दिली नाहीं.